दोन सूत

दोन माणसांची मने मिळाली की मराठीत आपण म्हणतो, त्यांचे सूत जुळले. सुताराच्या बोलण्यात मात्र सूत हे मोजमाप आहे. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. फळी सहा सूत जाड, दरवाजा चौकटीपेक्षा एक सूत कमी, खाच दोन सूत खोल, अशा भाषेत हा व्यवसाय अजूनही चालतो. मीटर आणि मिलिमीटर शाळेत येऊन कित्येक दशके लोटली तरी सुताराच्या तोंडचे सूत काही गेलेले नाही. ‘सुतार’ या शब्दाचे नाते ‘सूत्रधार’ या संस्कृत शब्दाशी सांगितले जाते. आम्ही ज्या बडोद्यात पिढ्यानपिढ्या राहत आलो, तेथे सुतारांमध्ये ‘गज्जर’ हे आडनाव सर्वत्र आढळते आणि त्याचे मूळ ‘गजधर’, म्हणजे हाती गज धरणारा, असे सांगतात. सयाजीराव महाराजांच्या काळात 1890 साली येथे जे कलाभवन उघडले, त्याची घडण ज्यांच्या हातून झाली ते रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर हे याच आडनावाचे होते. सूत्र धरणारा आणि गज धरणारा, या दोन्ही शब्दांत या कारागिराची ओळख त्याच्या हातातल्या हत्यारावरून नव्हे, तर मापावरून झालेली आहे. करवत आणि पटाशी नंतर येतात, आधी माप येते.

परंतु काम सांगणारे आपण असतो आणि पैसेही आपणच देतो. तेव्हा माप त्याच्या हाती आणि पैशाची थैली आपल्या हाती अशी स्थिती असताना, जे काम शेवटी घरात येऊन उभे राहते त्याच्या प्रामाणिकपणाचे उत्तरदायित्व कोणाचे, असा प्रश्न उपस्थित होतो. हा प्रश्न आम्हांला ग्रंथवाचनातून पडलेला नाही. घरातल्या दोन पुस्तकांच्या कपाटांमुळे तो पडला, आणि त्यात आमची स्वतःची बाजू फारशी उजळ नसल्यामुळेच तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

2014 साली आमचे शहराच्या जुन्या भागातले वडिलोपार्जित घर पाडण्याचे भाऊबंदांत ठरले. घर जीर्ण झाले होते, वारसदार पुष्कळ होते आणि डागडुजीचा खर्च कोणालाच पेलणारा नव्हता. वाटणीत आमच्याकडे सागवानाच्या दोन तुळया, एका दरवाजाची चौकट आणि माजघरातल्या झोपाळ्याची पाटी एवढे आले. भंगारवाला ते सारे एकरकमी घ्यायला तयार होता. पण ज्या तुळयांखाली आजोबांनी पोथी वाचली, त्या दुसऱ्याच्या दारात जाव्यात हे मनाला पटेना. आमच्या नव्या सदनिकेत पुस्तके जमिनीवर रचलेली होती. त्या लाकडातून दोन कपाटे आणि एक लिहिण्याचे टेबल करून घ्यावे असे आम्ही उभयतांनी ठरवले.

आमच्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री होते. पूर्वी त्यांनी आमच्याकडे देव्हारा केला होता. त्यांनी तुळया बघितल्या, नखाने उकरून वास घेतला, दोन ठिकाणी पटाशी मारून आतले लाकूड पाहिले आणि मजुरीचा आकडा सांगितला, अडतीस हजार. लाकूड आमचेच असल्यामुळे हा आकडा जवळजवळ पूर्णपणे त्यांच्या आणि त्यांच्या मदतनिसाच्या दिवसांचा होता. आम्ही रीतीप्रमाणे आणखी दोघांना बोलावले. त्यांपैकी एकाने एकोणतीस हजारांत काम करून देतो म्हटले. त्याच्यावर आमचा विश्वास बसला नाही, पण त्याचा आकडा मात्र आमच्या उपयोगी पडला. तो घेऊन आम्ही पुन्हा मिस्त्रींकडे गेलो आणि तीस हजारांवर सौदा केला. त्या वेळच्या रोजाच्या हिशेबाने ही कपात म्हणजे त्यांचे दहा-बारा दिवस होते.

सौदा मान्य करताना त्यांनी एकच प्रश्न विचारला. ‘क्यांथी ओछुं करूं?’ कुठून कमी करू? आम्ही हसलो आणि म्हणालो, ‘ते आता तुम्ही बघा, मिस्त्री. तुम्हांला काय सांगायचं?’ आम्हांला वाटले, आपण त्यांच्या कौशल्याचा गौरवच करीत आहोत. त्यांनी मान हलवली आणि फूटपट्टी मिटून खिशात ठेवली.

त्यानंतरचे दीड-दोन महिने आम्ही त्यांचे काम जमेल तेव्हा पाहत होतो. जुने सागवान म्हणजे आयते मिळालेले धन असे बाहेरच्याला वाटते. वस्तुतः त्यात शंभर वर्षांचे खिळे रुतलेले असतात. एक जरी खिळा लपून राहिला तर लाकूड चिरण्याच्या गिरणीतले पाते जाते, म्हणून गिरणीवाले जुने लाकूड घ्यायला नाखूष असतात. मिस्त्रींनी आणि त्यांच्या मदतनिसाने पहिले काही दिवस केवळ खिळे काढण्यात घालवले. टेबलाचा माथा त्यांनी खालच्या चौकटीला पक्का ठोकला नाही. खाचेत सरकणाऱ्या छोट्या लाकडी गुटक्यांनी तो धरून ठेवला. कारण विचारले तेव्हा म्हणाले, पावसाळ्यात फळी रुंदीला फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, तिला हलायला जागा दिली नाही तर ती स्वतःच फुटून जागा करून घेते. लांबीला लाकूड जवळजवळ हलत नाही, हेही त्यांनीच दाखवून दिले. एवढे जुने, वाळलेले लाकूडसुद्धा हवेचा ओलावा विसरलेले नसते, हे आम्हांला त्या दिवशी समजले. कपाटे आली, टेबल आले. लाखेच्या पॉलिशखाली तुळयांचा जुना रंग उजळून आला. येणारेजाणारे कौतुक करीत आणि आम्ही प्रत्येकाला मजुरीचा आकडा सांगत असू. ‘तीस हजारांत!’ असे म्हणताना आम्हांला कपाटाइतकाच आपल्या सौद्याचाही अभिमान वाटत असे, हे आज लिहिताना ध्यानात येते.

2022 मध्ये घराला रंग द्यायचा होता म्हणून कपाटे प्रथमच भिंतीपासून ओढली गेली. तेव्हा दिसले की दोन्ही कपाटांची पाठ सागवानी नाही. ठरले होते ते असे की, चौकटीत बसवलेल्या अर्ध्या इंचाच्या सागवानी फळ्यांची पाठ करायची. प्रत्यक्षात तेथे दोन सुतांचे प्लायवुड होते. आतल्या बाजूने त्याला तुळयांच्या रंगाशी मिळताजुळता हात दिलेला असल्यामुळे आणि पुढे पुस्तके असल्यामुळे आठ वर्षांत ते आमच्या लक्षात आले नव्हते.

मनात पहिला विचार आला तो चोरीचा. आमच्या आजोबांच्या घराचे लाकूड या माणसाने नेले, असे आम्ही एकमेकांना बोलून दाखवले आणि मिस्त्रींना दूरध्वनी केला. आरोप आम्ही केला नाही. पण आरोप न करताही स्वरातून तो कसा करता येतो, हे सुशिक्षित माणसाला शिकवावे लागत नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘साहेब, पाठ भिंतीला टेकते. वजन फळी उचलते. तुम्ही कमी करा म्हणालात, कुठून ते मी विचारलं होतं. फळ्या मोजून बघा.’

त्या रात्री आम्ही फीत घेऊन बसलो. फळ्या सहा सुतांच्या ठरल्या होत्या, त्या आठ सुतांच्या, म्हणजे पूर्ण एक इंचाच्या निघाल्या. बाजूचे उभे पाटही तसेच. दोन्ही कपाटांच्या पाठींचे क्षेत्रफळ बेचाळीस चौरस फूट. अर्ध्या इंचाच्या जाडीने त्यात वाचलेले सागवान पावणेदोन घनफूट. बारा फळ्या आणि चार बाजू यांत दोन-दोन सूत अधिक गेलेले सागवान सुमारे एक घनफूट आणि वर एक तृतीयांश. उरलेल्या थोड्याशा लाकडाचा हिशेब करवतीच्या भुशात आणि खिळ्यांनी खाल्लेल्या तुकड्यांत सहज लागत होता. त्यांच्याच मापाने त्यांची चोरी मोजायला आम्ही बसलो होतो आणि ती काही सापडली नाही. आणखी एक गोष्ट आमच्या अभियंता पुतण्याने समजावून सांगितली. फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. सहा सुतांच्या जागी आठ सूत घेतली की फळी दोन पटींहून अधिक ताठ होते. तीन-तीन फुटांच्या त्या फळ्यांवर आठ वर्षे शब्दकोश आणि ज्ञानकोशाचे खंड उभे आहेत आणि एकही फळी मध्ये झुकलेली नाही, ती का, याचे उत्तर मिळाले.

येथे कोणी म्हणेल, मग प्रश्न मिटला, कारागीर सज्जन निघाला. आम्हांला तसे वाटत नाही. सौद्यात सागवानी पाठ ठरली होती आणि ती मिळाली नाही, हे सत्य उरतेच. मिस्त्रींनी बदल करताना एका वाक्याने सांगायला हवे होते. प्लायवुडला सागवानाचा रंग दिला, त्यात थोडी झाकापाक होती हेही नाकारण्यात अर्थ नाही. कारागिराला संत ठरवून आपण त्याचा सन्मान करीत नाही. उलट त्याला हिशेबाच्या बाहेर काढतो, आणि जो हिशेबाच्या बाहेर गेला त्याला कमी देणेही सोपे होते. तेव्हा त्यांचा दोष त्यांच्याकडे राहू द्यावा. परंतु त्या दोषाला जागा कोणी करून दिली, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

त्यांनी विचारले होते, कुठून कमी करू. हा प्रश्न खरे तर त्या साऱ्या व्यवहारातला सर्वांत प्रामाणिक क्षण होता. आठ हजार रुपये कमी झाले की ते कोठून तरी कमी होणारच. लाकूड आमचे, त्यातून काही वाचत नाही. उरतात ते दिवस. दिवस कमी करायचे तर काम कमी करावे लागते, नाहीतर माणसाने फुकट राबावे लागते. तिसरा मार्ग नाही. त्यांनी हे दोन्ही मार्ग आमच्यापुढे ठेवले आणि निवड करायला सांगितले. आम्ही मात्र किंमत ठरवण्याचा अधिकार घेतला आणि तिच्या परिणामाचा निर्णय त्यांच्यावर ढकलला. ‘तुम्ही बघा’ या दोन शब्दांत आम्हांला विश्वास दिसत होता. खरे पाहता ती पळवाट होती. काय कमी झाले ते कळू न देण्याची सोय आम्ही स्वतःच करून घेतली होती, आणि आठ वर्षांनी ते कळले तेव्हा फसवले गेल्याचा आव आणला.

प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या पुस्तकात पलंग करणाऱ्या सुताराचे उदाहरण घेतले आहे, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल. त्याच ठिकाणी पुढे तो असे प्रतिपादन करतो की, वस्तूचे खरे ज्ञान ती वापरणाऱ्याला असते. बासरी चांगली की वाईट हे वाजवणारा जाणतो, आणि करणाऱ्याने त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवून ती करावी. हे मत वाचताना प्रथम ग्राहकाला बरे वाटते, कारण त्यात तो वरच्या पायरीवर बसतो. परंतु त्या पायरीची किंमत प्लेटोने तेथेच सांगून ठेवली आहे. वापरणाऱ्याला ज्ञान असते ते तो खरोखर वापरतो आणि खरोखर सांगतो म्हणून. आम्ही मिस्त्रींना काय सांगितले होते? कपाटाची उंची आणि रुंदी सांगितली, पॉलिशचा रंग सांगितला. त्यावर कोणती पुस्तके ठेवणार, किती वजनाची, हे सांगितले नाही. ते त्यांनी आमच्या घरात जमिनीवर रचलेले ग्रंथ पाहून स्वतःच ताडले. म्हणजे वापरणाऱ्याचे ज्ञानही त्यांनाच पुरवावे लागले.

या संदर्भात नरहरी सोनारांची आख्यायिका आठवते. विठ्ठलासाठी सोन्याचा कमरपट्टा करायचे काम एका सावकाराने त्यांना सांगितले. नरहरी शिवभक्त, विठ्ठलाचे तोंड पाहायचे नाही असा त्यांचा नेम. म्हणून माप सावकाराने आणून दिले. पट्टा एकदा सैल झाला, एकदा आखूड झाला. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना स्वतः मंदिरात जाऊन हाताने माप घ्यावे लागले, आणि पुढे जे घडले ते सर्वांस विदित आहे. ही कथा हरिहरांच्या ऐक्याची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात काम सांगण्याविषयीही एक सत्य आहे. दुसऱ्याने आणलेल्या मापावर केलेली वस्तू बसत नाही. करणाऱ्याला आणि ज्याच्यासाठी करायचे त्याला कधीतरी समोरासमोर यावे लागते. आम्ही मात्र मिस्त्रींशी जी बोलणी केली ती सारी आकड्याच्या आडून केली.

घासाघीस मुळातच वाईट आहे काय? आम्ही तसे म्हणणार नाही. मंडईत भाजी घेताना दोन रुपये कमी करून घेणाऱ्या गृहिणीला नीतीचे धडे देण्याचा अधिकार कोणाला नाही. त्या व्यवहारात वस्तू तयार असते, ती दोघांच्या डोळ्यांपुढे असते. भाव पाडल्याने भेंडी कोवळी होत नाही की जून होत नाही. बडोद्याजवळच्या संखेड्याला जाऊन खरादावर कातलेल्या, लाखेच्या रंगातल्या खुर्च्या पसंत करताना मागितलेली सूटही बऱ्याच अंशी याच जातीची. खुर्ची झालेली असते, तिचे सांधे बसलेले असतात. सांगून करून घेण्याच्या कामात मात्र वस्तू अद्याप अस्तित्वात नसते. तेथे किंमत पाडणे म्हणजे अजून न झालेल्या वस्तूच्या घडणीत हात घालणे होय. आपण बोलतो पैशांविषयी, पण बदलत असते ती वस्तू. आणि ती बदलते तेथे, जेथे आपली नजर पोहोचत नाही. दर्शनी भाग कोणीही कारागीर सहसा बिघडवत नाही, कारण त्याची पुढची कामे त्यावर अवलंबून असतात. कमी होते ते पाठीतून, खणांच्या तळातून, सांध्यात गेलेल्या कुसवाच्या लांबीतून.

जॉन रस्किनने 1860 साली लिहिलेल्या ज्या लेखमालेने गांधीजींच्या आयुष्याला वळण दिले, तिच्यात हा विषय फार थेट मांडला आहे. जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना 1904 साली गांधीजींनी ‘अन् टू धिस लास्ट’ वाचले आणि 1908 मध्ये ‘सर्वोदय’ या नावाने त्याचा सारांश गुजरातीत उतरवला. रस्किनचा मुद्दा असा की, आजारी पडल्यावर कोणी स्वस्तातला वैद्य शोधत नाही. त्याची दक्षिणा ठरलेली असते आणि आपण निवड करतो ती वैद्याची, दक्षिणेची नव्हे. मग सुतार-गवंड्याच्या बाबतीत उलट का? चांगल्या कारागिराला चांगला मोबदला ठरलेला असावा आणि वाईट कारागिराला काम मिळू नये. वाईट कारागिराला अर्ध्या मोलात काम करू देऊन त्याचा आकडा चांगल्याच्या गळ्याला लावणे, हीच खरी विकृती. आम्ही नेमके हेच केले होते. ज्याच्यावर आमचा विश्वास नव्हता त्याच्या एकोणतीस हजारांचा उपयोग, ज्याच्यावर विश्वास होता त्याला नमवण्यासाठी केला.

यावर पूर्वीच्या व्यवस्थेकडे बोट दाखवून उसासा टाकण्याची आपल्याकडे प्रथा आहे. बलुतेदारीत सुताराला प्रत्येक कामाचा वेगळा भाव करावा लागत नसे. नांगर, तिफण, गाड्याची दुरुस्ती यांच्या बदल्यात सुगीला धान्य मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’त या देण्याघेण्याचे तपशीलवार वर्णन आहे. परंतु ते वर्णन वाचताना कुरबुरी, अडवणूक आणि उतरंड यांकडे डोळेझाक करता येत नाही. सुताराच्या मुलाने सुतारच व्हावे, हा त्या स्थैर्याचा पाया होता. भाव करावा लागत नसे, कारण नाही म्हणण्याची मुभाही नसे. आमच्या मिस्त्रींचा मुलगा एका कारखान्यात नोकरीला आहे. त्याने रंधा हाती धरला नाही याचे मिस्त्रींना दुःख आहे, आम्हांलाही आहे. पण आमचे दुःख फुकटचे आहे. अडतीस हजारांचे तीस करणाऱ्यांनी पुढची पिढी हा व्यवसाय का सोडते, असे विचारू नये.

आपल्या परंपरेत आणखी एक सोयीचे शस्त्र आहे. कर्म करावे, फळाची आशा धरू नये, या उपदेशाचा. कारागिराने कामावर प्रेम करावे, पैशाकडे पाहू नये, असे आपण मोठ्या रसिकतेने बोलतो. हा उपदेश ज्याने त्याने स्वतःला करावयाचा आहे. मजुरी देणाऱ्याने तो मजुरी घेणाऱ्याला केला की त्याचे अध्यात्म संपते आणि नुसता व्यवहार उरतो. मिस्त्रींनी फळ्या आठ सुतांच्या केल्या, त्यात त्यांच्या कामावरील प्रेमाचा भाग होता यात शंका नाही. पण त्या प्रेमाचा लाभ आम्ही गृहीत धरून सौदा केला होता, ही गोष्ट आम्हांला आज टोचते.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. मध्यमवर्गीय माणसाची मिळकत मर्यादित असते. तो काटकसर करतो ती कोणाला लुबाडण्यासाठी नव्हे. मुलांचे शिक्षण, आईवडिलांची आजारपणे, घराचे हप्ते यांतून उरलेल्या पैशांत त्याला कपाट करायचे असते. सांगितलेली किंमत मुकाट्याने देणे हेच सदाचरण ठरवले, तर हाताने केलेली वस्तू केवळ श्रीमंतांच्या घरी जाईल, आणि अवाच्या सव्वा सांगणाऱ्यांचे फावेल ते वेगळेच. हे खरे आहे. आमचे उत्तर एवढेच की, काटकसर वस्तूच्या आकारात करावी, माणसाच्या दिवसांत करू नये, आणि ती दोघांनी मिळून, बोलून करावी. आमच्याजवळ तीस हजारच असतील तर आम्ही म्हणायला हवे होते, ‘मिस्त्री, तीस आहेत. यात काय होईल?’ ते म्हणाले असते, पाठ प्लायवुडची करू, किंवा टेबल पुढच्या वर्षी करू. आम्ही ते मान्य केले असते. वस्तू कदाचित आज आहे तीच झाली असती. तीच फळी, तीच पाठ. फरक एवढाच पडला असता की, ती पाठ आम्हां दोघांना ठाऊक असती.

हा फरक वरवर पाहता दोन सुतांचा आहे, पण आमच्या मते या व्यवहाराची सारी नीती त्यात सामावलेली आहे. काम सांगणाऱ्याचे कर्तव्य पैसे देऊन संपत नाही. वस्तू कशासाठी हवी हे त्याने सांगावे. कारागीर काय म्हणतो ते ऐकावे आणि त्याने प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर द्यावे. मध्येच मन बदलले तर त्या बदलाचे दिवस आपल्या खाती मांडावेत. ठरलेल्या वेळी पैसे द्यावेत, कारण आपल्या विलंबाचे व्याज तो घरात भरत असतो. यांतले काहीच जगावेगळे नाही आणि एकाही गोष्टीला अधिक पैसा लागत नाही. लागते ते लक्ष. आपण कारागिराकडून न दिसणाऱ्या भागातही प्रामाणिकपणाची अपेक्षा करतो. आपल्या बाजूचाही एक न दिसणारा भाग असतो, आणि तो तपासायला कोणी फीत घेऊन येत नाही.

त्या दूरध्वनीनंतर काही दिवसांनी आम्ही मिस्त्रींच्या घरी गेलो. फळ्या मोजल्या, असे सांगितले. आमच्या बोलण्यात संशय होता, तो चुकीचा होता, असेही म्हणालो. ते शब्द अपेक्षेपेक्षा जड गेले. त्यांनी पाणी दिले, चहा मागवला. 2014 चे ते आठ हजार आता घ्यावेत असे आम्ही सुचवले, तेव्हा त्यांनी सरळ नकार दिला. झालेला हिशेब उकरायचा नसतो, असे त्यांचे म्हणणे पडले. ‘पाठ सागाची हवी असेल तर करून देतो. पण आजच्या भावानं,’ ते म्हणाले. दरवाजाच्या जुन्या चौकटीचे लाकूड आमच्याकडे अजून पडून होते. मदतनीस आता दुसरा होता आणि स्वतः ते बसूनच काम करीत, पण नजर तीच होती. त्यांनी आकडा सांगितला. तो आम्हांला अधिक वाटला आणि सवयीने ओठांवर एक दुसरा आकडा आलाही होता. तो गिळून आम्ही विचारले, यात दिवस किती आणि कसे जातील. त्यांनी बोटांवर मोजून सांगितले. खिळे काढायला दोन, गिरणीचा एक, रंधायला आणि खाचा पाडायला चार, बसवायला एक. आम्ही म्हणालो, एका कपाटाचेच करू या. दुसऱ्याला प्लायवुड राहू द्या, ते चांगले आहे.

त्याप्रमाणे 2023 च्या उन्हाळ्यात एका कपाटाची पाठ बदलली गेली. जुळ्या भावांसारखी दिसणारी ती दोन कपाटे आता शेजारी शेजारी उभी आहेत. एकाची पाठ सागवानी आहे, दुसऱ्याची नाही, आणि समोरून पाहणाऱ्याला ते कळत नाही. कोणी कौतुक केले तर मजुरीचा आकडा आम्ही आता सांगत नाही. दुसऱ्या कपाटाची पाठ कशाची आहे ते मात्र सांगतो.